वडाखालची मूठभर माती

ऑक्टोबर लागला की मला घरात बसवत नाही. पाऊस निघून गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या मध्ये हे चिकट, तापलेलं ऊन अंगावर येऊन बसतं. आमचं घर अंबडच्या कारखान्यांपासून फार लांब नाही. गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोटाला काळी रेघ येते. सकाळी पुसला तरी संध्याकाळी पुन्हा तेच. शेजारच्या काकू मात्र कठडा बघत नाहीत, तुळस बघतात. "काय तरारलीये हो तुमची तुळस, काय घालता तिला?" मी काहीच घालत नाही. पाण्याशिवाय तिला माझ्या हातून काही मिळालेलं नाही. काकूंना मी हसून "काही नाही हो" म्हणते आणि आत येते, पण त्या हिरव्या पानांकडे पाठ फिरवूनही ती डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

या वर्षी तर पहिल्याच आठवड्यात फोन आला. दिंडोरीकडच्या मामांच्या सुनेचा, म्हणजे माझ्या वैशालीवहिनीचा. "ताई, यंदा अर्ध्या एकराला जीवामृत करून बघायचं ठरवलंय. आमच्या बचत गटातल्या सहा जणीपण करणार आहेत. सोमवारी ड्रम भरायचे. माती वडाखालचीच घ्यायची ना? मामा म्हणतात, रेखानं तेव्हा तपासून सांगितलं होतं, तिथं सोनं आहे म्हणून." वहिनी सासऱ्यांना मामाच म्हणते, त्यामुळे आम्हा दोघींचे मामा एकच.

मी म्हटलं, "थांब, मी रविवारी येते." फोन ठेवला आणि गॅलरीचा कठडा पुसायला घेतला. तिसऱ्यांदा पुसत असताना लक्षात आलं की तो दुसऱ्या वेळीच स्वच्छ झाला होता.

ते वाक्य माझंच होतं. सात-आठ वर्षं झाली त्याला. मला वाटलं होतं, लोक विसरले असतील. लोक आपलं शहाणपण विसरतात आणि नेमकं असलं काहीतरी जपून ठेवतात.

तो हंगाम मला वासांनी आठवतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती. कात्र्यांचा कट्‌कट्‌ आवाज दिवसभर, कापलेल्या काड्यांचा कच्चा वास, आणि डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना लावतात त्या पेस्टचा नाकात बसणारा उग्र दर्प. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया हातमोजे घालून, कापसाचा बोळा रंगीत पेस्टमध्ये बुडवून, एकेका डोळ्याला टिळा लावल्यासारख्या पुढं सरकत. मी तेव्हा शहरातल्या एका माती-परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते, अजूनही तशाच एकीत आहे. गावात सगळे तिला 'लॅब' म्हणतात आणि मला 'लॅबवाली'. सुट्टी मिळाली की मी मामांकडे पळायचे. बागेत मला काही काम यायचं नाही, पण मध्येमध्ये करायला भरपूर जागा होती.

मामांचं त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. ठिबकच्या नळीजवळ उकरून पांढरी मुळी दिसते का बघायची, ही द्राक्षवाल्यांची रोजची खोड. पांढरी मुळी म्हणजे वेल खातोय, जगतोय. मामा उकरत आणि तपकिरी, दोरीसारखी मुळं हातात येत. एकदा तशीच ढेकळं हातात घेऊन ते मला म्हणाले, "रेखा, ही माती झोपली बघ. इतकी वर्षं हिला मी नुस्तं गिळायला दिलं. काम कधी दिलं नाय." मामा असं बोलणाऱ्यांतले नव्हते. दोन एकराला त्या हंगामात युरियाचं पोतं दाखवायचं नाही, जीवामृत करायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ड्रममध्ये कालवायचं आणि त्यात मूठभर माती टाकायची. दुधाला विरजण लावतात तशी. ती मूठ कुठली हे महत्त्वाचं. बांधावरची किंवा जुन्या झाडाखालची. जिथं नांगर लागला नाही, खताचं पोतं फुटलं नाही, फवारा गेला नाही. माणसाचा हात जिथं पोचला नाही ती माती जिवंत, हा हिशोब. गावाच्या वळणावर मोठा वड होता, त्याच्या पाराला लागून कुणाची शेती नव्हती. मामांच्या मनात दुसरी जागा आलीच नाही.

माझ्याही नाही. त्या वडाखाली मी लहानपणी तासन्‌तास बसलेली आहे. वाळलेल्या पानांचा थर हातानं बाजूला केला की खालची पानं जाळीदार झालेली असायची, नुसत्या शिरा उरलेल्या. त्याच्याही खाली पांढरे, कापसाच्या धाग्यासारखे तंतू पसरलेले. मामा म्हणायचे, "मातीला साय धरली." ती बुरशी असते हे मला पुढं कॉलेजात कळलं, पण साय हा शब्द मला अजून जास्त बरोबर वाटतो. ती साय बोटानं उचलायचा मी प्रयत्न करायचे आणि ती विरून जायची.

मधल्या काळात वळणावरचा रस्ता रुंद झाला होता. द्राक्षांचे थंडगार कंटेनर वडाच्या सावलीत थांबत, चालक चहा घेत, आणि आतली थंडी टिकावी म्हणून इंजिनं घुरघुरत राहत. पलीकडं कुणाचा तरी कोंबड्यांचा मोठा शेड झाला होता. वारा फिरला की डोळ्यांत पाणी यायचं. हे सगळं मी बघितलं होतं. ड्रममध्ये जाण्याआधी लॅबमध्ये तपासावी म्हणून मी तिथली माती गोळा केली, तेव्हासुद्धा नाक चुरचुरत होतं. पण मातीला हुंगायची माझी सवय, आणि वास चांगला आला. पानांचा थर मात्र घोट्यापर्यंत जाड होता. मागच्या वर्षीचं पान, त्याच्या मागच्या वर्षीचं पान, रद्दीच्या गठ्ठ्यासारखी एकावर एक, न कुजता. मला वाटलं, काय श्रीमंती आहे.

लॅबमध्ये तपासलं तर नत्राच्या रकान्यात 'भरपूर' आलं. आमच्याकडच्या काळ्या मातीत त्या रकान्यात बहुधा 'कमी' हाच शब्द पडतो. रोज तोच लिहून हात आंबलेला. मी पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मला इतका आनंद झाला की मी कागद टपालानं न पाठवता स्वतः घेऊन गेले. पारावर मामांबरोबर पाच-सात जण बसले होते. मी कागद उघडला आणि म्हणाले, "मामा, तुमच्या वडाखाली सोनं आहे."

कुणीतरी टाळी दिली. मामांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला आयुष्यात फार वेळा मिळालेली नाही. "आमची भाची हाय," ते सगळ्यांना म्हणाले, जणू मी तिथं नव्हतेच. शेजारच्या बागेचे बापूअण्णा त्याच संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन आले. मग त्यांचे भाऊ, मग वरच्या वाडीतले. महिन्याभरात वडाच्या मुळांभोवती खड्डे दिसायला लागले.

कागदावर एकच गोष्ट नव्हती. त्या मातीत कोण राहतं, ते आमच्या लॅबमध्ये मोजतच नव्हते. मी नत्र मोजलं होतं. पेटीत किती धान्य आहे ते बघून मी घरात माणसं सुखी आहेत असं सांगून आले होते.

हे दाखवलं मामीनं. मामीला लिहायला सहीपुरतं येतं आणि शेताबद्दल ती कुणाचं ऐकत नाही. वडाकडच्या पट्टीत ती घरापुरता हरभरा टाकायची आणि चार वर्षांपासून तिची एक तक्रार होती, की तिथला हरभरा नुसता पाल्यानं माजतो, घाटे धरत नाही. ती सगळ्यांनी हसून सोडून दिली होती. त्या वर्षी तिनं तेलाचे दोन रिकामे डबे घेतले. एकात वडाखालची माती, दुसऱ्यात माळावरच्या बांधाची. माळ म्हणजे मामांच्या शेताच्या वरचा खडकाळ, उघडा तुकडा, जिथं करवंदी आणि गवताशिवाय काही नव्हतं. दोन्हीत हरभरा पेरला आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

नोव्हेंबरच्या शेवटी गेले तर वडाचा डबा नुसता उसळला होता. गर्द, उंच, पानं मोठी. माळाचा हरभरा बुटका, फिकट. मी म्हटलं, "बघ मामी, सांगितलं नव्हतं?"

"काय बघू राहिली नुस्ती पानं?" मामी म्हणाली. "उपट."

मी उपटला. मूळ लांब होतं, गुळगुळीत होतं आणि रिकामं होतं. मग तिनं माळाचं रोप उपटून माझ्या हातात दिलं. मुळांना बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी. मामीनं नखानं एक फोडली. आत गुलाबी होती. जिवंत गाठ अशीच गुलाबी असते.

मी ओट्यावर बसले. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेत नत्राला तोटा नाही, पण ते असं कुलपात असतं की झाडाला उपयोग नाही. हे चिमुकले जीव ते कुलूप उघडतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं, राहायला जागा देतं. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत आकृती काढून गुण मिळवले होते. मामीनं ते दुसऱ्या टोकानं पकडलं होतं. ती म्हणाली, "हिला पोटभर आयतं मिळालं. मंग ही कुणाला कशाला हाक मारंल?"

वडाखाली कुणी खत टाकलं नव्हतं. हातानं टाकलं नव्हतं. पण धुरातून, कोंबड्यांच्या विष्ठेतून, आणि खरं बोलायचं तर मामांच्याच बागेतल्या युरियाच्या वाफेतून आधीच कुलूप उघडलेलं नत्र वर्षानुवर्षं वाऱ्यावर चढत होतं आणि धुळीबरोबर, दवाबरोबर, पावसाबरोबर त्या पानांवर उतरत होतं. त्यातलं कुणाचं किती, ते वेगळं काढायचं साधन माझ्याकडं नव्हतं. माती मेली नव्हती. तिच्यात गर्दी होती, पण निराळ्यांची, आयत्यावर भराभर वाढणाऱ्यांची. सावकाश काम करणारे, चिवट पान पोखरणारे पांढरे धागे हटले होते, म्हणून पानांची रद्दी साचत होती. लहानपणची साय कुठं गेली, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ज्या मातीला मी सोनं म्हटलं होतं, ती न मागता भरवलेली माती होती, आणि ती आता दहा घरांच्या ड्रममध्ये विरजण म्हणून घुसळली जात होती.

"तू सांग त्यांना," मामी म्हणाली. "माझं नाय ऐकायचे ते. तुझ्या कागदावर विश्वास हाय त्यांचा."

मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सांगते."

सांगायला वेळ होता. छाटणीला महिना-दीड महिनाच झाला होता, ड्रम दर पंधरा दिवसांनी नव्यानं भरायचा होता, माळ अर्ध्या तासावर होता. पुढच्या आठवड्यात गेले तर मामांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची लॅबवाली." मी चहा प्यायले. त्याच्या पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये काम निघालं. मग मी स्वतःला समजावलं की शेणात कितीतरी जिवाणू असतात, एका मुठीनं काय फरक पडणार. हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं.

जानेवारीत मामांनी ठिबकजवळ उकरलं. मुळी तपकिरीच होती. त्यांनी खुरपं पुसून खोलीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीच्या जुन्या चाकाला टेकवून ठेवलेलं युरियाचं पोतं उघडलं. "जिवंत माती, अमकी माती," ते म्हणाले, "सगळं पुस्तकातलं." एका मुठीवर सगळं खापर फोडता येणार नाही हे मला माहीत आहे. पण मामांनी आयुष्यात एकदाच मातीवर असा भरवसा टाकला होता, आणि त्या एका वेळेला मी गप्प बसले होते. युरिया टाकून बाग पाजल्यानंतर उन्हात जो झोंबणारा वास सुटतो, तो त्या जानेवारीत मी ओट्यावर बसून घेतला. तोही वडाकडंच चालला होता.

तेव्हापासून मला हिरवा रंग सरळ बघता येत नाही. रस्त्याकडेचं गवत गुडघ्याएवढं झालं की लोकांना बरं वाटतं. मी खाली वाकून मुळं बघते. सहकारी चेष्टा करतात. लॅबमध्ये कुणाचा नत्राचा रकाना 'भरपूर' आला की माझा हात तो शब्द लिहायला दोन क्षण उशीर करतो. आणि ऑक्टोबर आला की पुन्हा ती मूठ आठवते, बोटांच्या फटीत माती अडकल्यासारखं वाटतं आणि मी उगाच हात धुते.

रविवारी गेले. मामा ओट्यावर छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. गुडघ्यांमुळं ते आता बागेत फार जात नाहीत, पण कात्र्या दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. मामी सुपात हरभऱ्याचं बियाणं निवडत होती. वहिनी डबा घेऊन निघायच्या तयारीत.

"वहिनी, डबा ठेव," मी म्हणाले. "मामा, वडाखालची माती विरजणाची नाही. मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं."

मग सगळं सांगितलं. डबे, गाठी, हवा, पानांची रद्दी. मामीनं सूप खाली ठेवलं नाही, पण तिचे हात थांबले. मामा दगडावर पातं घासत राहिले.

"कधी कळलं तुला?"

"त्याच वर्षी. नोव्हेंबरात."

"मंग बोलली का नाय?"

काहीतरी बरं दिसेल असं उत्तर गाडीत जुळवून ठेवलं होतं. ते आलंच नाही. "पारावर सगळ्यांसमोर तुम्ही माझं कौतुक केलं होतं," मी म्हणाले. "ते जाईल म्हणून."

मामांनी कात्री उन्हात धरून धार बघितली. "तेव्हा सांगितलं असतं, तर मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो," ते म्हणाले. "लय झालं तं पंधरा. मंग माळावरची आणली असती." मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाय राहिला. इतकी वर्षं विषाचे फवारे मारले, आता या हातानं माती कशाला उठंल. म्हणून सोडलं मी."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, कारण ते ऐकून रडायचा हक्क माझा नव्हता.

"माळावरची आणते की मग," वहिनी म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच थबकली. माळावर आता पोल्ट्री आहे. दादाची, म्हणजे तिच्याच नवऱ्याची. तीन वर्षं झाली. बांध तिथंच आहे, करवंदीही दोन-चार आहेत, पण करवंदीची पानं अलीकडं फार मोठी येतात, असं ती हळूच म्हणाली. मामीनं बियाणं पुन्हा निवडायला घेतलं.

"मंग आता कुठली घ्यायची, ते सांग," मामा म्हणाले.

मला सांगता आलं नाही. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि एक मूठ माती कुठली घ्या हे मला सांगता आलं नाही. मामीनंच वाट काढली. तिनं घरातले रिकामे डबे गोळा केले, सहा निघाले. ओढ्याकाठची, देवराईपलीकडच्या उताराची, माळाची, पेठकडून छाटणीला आलेल्या बाया पुढच्या खेपेला त्यांच्या डोंगरावरून आणतील ती. "आन्‌ वडाचीबी ठेव एका डब्यात," मामा म्हणाले, "तिलाबी बघू दे." सहावा डबा कशासाठी ते ठरलं नाही. सगळ्यांत हरभरा पेरून सहा आठवडे थांबायचं, मग उपटायचं, मुळं बघायची. तोपर्यंत ड्रम नुसत्या शेणाचेच.

"पण गटातल्या बाया उद्या वडाखाली जातील," वहिनी म्हणाली. "बापूअण्णांची सून तर आजच जाणारे."

मामांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बापूअण्णांना लावला. मी ओट्याच्या कडेला उभी होते. पलीकडचा आवाज येत नव्हता, मामांचाच येत होता. "बापू, सुनंला सांग, वडाखालची माती नका घेऊ. नाय रे, ती नाय कामाची. त्या साली? त्या सालीबी नव्हती. आता रेखाच्या लॅबचं काय चुकलं नव्हतं, ते असं झालं बघ, मीच तेव्हा घाई केली आन्‌ तुम्हा सगळ्यांना..."

"मामा, द्या इकडं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. कात्रीच्या तेलानं तो बुळबुळीत झाला होता.

"बापूअण्णा, मी रेखा बोलतेय, लॅबवाली," मी म्हणाले. "घाई मामांनी केली नव्हती."